रिव्हर्सची इज्जत

आपल्याकडे एखाद्याला गाडी येते की नाही, हे तो ती पुढे कशी नेतो यावरून ठरत नाही. मागे कशी घेतो यावरून ठरतं. आपल्या हॉस्टेलच्या गेटमधून पाण्याचा टँकर मागे यायला लागला की मेसच्या रांगेतली निम्मी जनता रांग सोडून तिथे जमते आणि प्रत्येकजण एक्स्पर्ट होतो. "येऊ दे, येऊ दे, लेफ्ट मार... अरे लेफ्ट!" एका दमात आत घातला तर ड्रायव्हरकडे बघण्याची नजर बदलते. दोनदा पुढे-मागे केलं तर लगेच "नवीन आहे वाटतं" सुरू.

टँकरचं ठीक आहे. तो एक अखंड डबा आहे. पण गाडीच्या मागे जोडलेला ट्रेलर घराशेजारच्या चिंचोळ्या जागेत घालायचा असेल, तर हीच रिव्हर्सची इज्जत महागात पडते. माझं मत आत्ताच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना पान उलटायला बरं. जागा अरुंद असेल तर ट्रेलर गाडीपासून सोडवावा आणि हाताने आत लावावा. त्यात काहीही कमीपणा नाही. उलट इंजिनिअर माणसाने तेच करावं.

मी ई अँड टीसीची. त्यामुळे मेकॅनिकलवाले म्हणणार, "हिला काय कळतंय यातलं?" थांबा, कंट्रोल सिस्टिम्स आम्हालाच असतं. येतेच त्याच्यावर.

हा विषय डोक्यात शिरला तो गेल्या मे महिन्यात. मी दीड महिना मामाकडे कॅलिफोर्नियात होते. मामा-मामींनी एक कॅम्पिंग ट्रेलर घेतला होता, सेकंडहँड. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: दोन चाकांवरची एक खोली समजा. आत पलंग, छोटी शेगडी, सिंक. पुढे लोखंडी दांडा, आणि दांड्याच्या टोकाला वाटीसारखं कपलिंग, जे गाडीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर बसतं. गाडी ओढेल तिकडे खोली जाते. अमेरिकेत याचं भलतंच वेड आहे. शुक्रवारी संध्याकाळी हायवेवर दर थोड्या वेळाने एक खोली शेजारून निघून जाते.

पण रविवारी रात्री ती खोली ठेवायची कुठे, हा प्रश्न कुठल्याच जाहिरातीत नसतो. रस्त्यावर कायमची उभी करता येत नाही, बहुतेक गावांचे नियम आड येतात. घरापुढे दिसेल अशी ठेवली तर मामाच्या कॉलनीच्या असोसिएशनची चिठ्ठी येते. भाड्याची जागा घेतली तर दर महिन्याला पैसे. राहिली एकच जागा, गॅरेजची भिंत आणि शेजाऱ्याचं लाकडी कुंपण यांच्यामधली पट्टी.

मी टेप घेऊन मोजलं (सवय! सर्व्हेइंगवाल्या रूममेटचा परिणाम). पट्टीची रुंदी साडेआठ फूट. ट्रेलर सात फूट रुंद. म्हणजे दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच. ट्रेलरची एकूण लांबी सोळा फूट, त्यातला डबा साडेबारा फूट, बाकी दांडा. गाडीच्या गोळ्यापासून ट्रेलरच्या चाकांपर्यंतचं अंतर साधारण दहा फूट. सामानासकट वजन अकराशे किलो. पट्टीच्या बरोब्बर समोर, फूटपाथच्या कडेला, एक जाडजूड झाड आणि पत्रपेटी. म्हणजे गाडी पट्टीच्या सरळ रेषेत उभी राहूच शकत नाही. तिला कायम ड्राइव्ह-वेच्या बाजूने तिरकंच यावं लागणार.

आता कागद-पेन्सिल घ्या. साडेबारा फुटी डबा साडेआठ फुटी गल्लीत किती तिरका राहू शकतो? आकडेमोड सोपी आहे, सुमारे सात अंश. त्याहून जास्त तिरका झाला की एक कोपरा भिंतीला आणि दुसरा कुंपणाला लागणार. आणि भिंतीवर गॅसचं मीटर होतं. कुंपण मोडलं तर शेजारी बोलणं बंद करेल, गॅस मीटर मोडलं तर काय होईल ते सांगायला नको.

इथे माझ्या लाडक्या विषयाची एंट्री. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये क्लोद पेरो नावाचे एक गृहस्थ होते. (आम्हा कॉन्व्हेंटच्या मुलींना लहानपणी पाठ असलेली सिंड्रेला ज्याने लिहिली, त्या शार्ल पेरोचा हा भाऊ!) हे महाशय खिशातलं साखळीचं घड्याळ टेबलावर ठेवायचे, साखळीचं टोक टेबलाच्या कडेने सरळ ओढायचे आणि विचारायचे, सांगा, घड्याळ कुठल्या वक्राने येतंय? ही हकिकत लायब्निझने १६९३ साली लिहून ठेवली आहे. त्या वक्राला ट्रॅक्ट्रिक्स म्हणतात. घड्याळ कितीही आडवं ठेवा, साखळी ओढत राहिलात की ते हळूहळू साखळीच्या रेषेत येतं. पुढे ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरचंही तसंच. चूक आपोआप मिटते.

आता तीच साखळी उलटी ढकला बघू.

साखळी गोळा होईल. ट्रेलरला दांडा आहे म्हणून तो गोळा होत नाही, पण तिरका मात्र होत जातो. आणि जितका तिरका होतो तितका अजून वेगाने तिरका होतो. पुढे जाताना जी चूक ज्या दराने मिटते, मागे येताना ती त्याच दराने वाढते. तो दर ठरतो गोळ्यापासून चाकांपर्यंतच्या अंतरावर. हे अंतर दहा फूट असेल तर दर सात फुटांना चूक दुप्पट. आमच्या भाषेत सांगायचं तर पोल उजव्या बाजूला आहे, सिस्टिम अनस्टेबल. कंट्रोलच्या ओरलला हे उदाहरण कुणी दिलं तर मॅडम खूश होतील अशी माझी खात्री आहे.

मामाच्या बाबतीत हिशोब करा. झाड नाहीच असं धरा, गाडी अगदी सरळ मागे येतेय, आणि पट्टीच्या तोंडाशी ट्रेलर फक्त दोन अंश तिरका आहे. दोन अंश म्हणजे डोळ्याला दिसतही नाहीत. सात फूट आत गेल्यावर ते चार झाले. डबा पूर्ण आत जाईपर्यंत सात. म्हणजे बरोब्बर खरचटण्याच्या हद्दीवर! प्रत्यक्षात तर झाड आहे, गाडी तिरकी आहे आणि स्टिअरिंग उलटं फिरवायचं आहे. सुधारायला जावं तर गाडीचं नाक शेजाऱ्याच्या हिरवळीवर.

यातली एक गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते. छोटा ट्रेलर मागे घेणं मोठ्यापेक्षा अवघड असतं. लोकांना वाटतं छोटा म्हणजे सोपा. पण अंतर कमी म्हणजे चूक दुप्पट व्हायला जागाही कमीच लागते. मोठा ट्रेलर सावकाश बिघडतो, छोटा बघता बघता चाकू मिटावा तसा गाडीवर येऊन दुमडतो.

आता मामा. मामा आमच्या घरातला सगळ्यात हुशार माणूस, सॉफ्टवेअरमध्ये पंचवीस वर्षं. समोरच्या घरात एक रिटायर्ड अमेरिकन काका राहतात, त्यांच्याकडे पिकअप आणि मोठा ट्रेलर. ते येतात, एका हाताने स्टिअरिंगचा तळ धरतात आणि एका फेरीत ट्रेलर आत. पण त्यांची जागा अकरा फूट रुंद आणि समोर झाड नाही! हे मामाला कोण सांगणार? मामाने तीन शनिवार-रविवार रिव्हर्सला दिले. मामी मागे उभी राहून ओरडायची, "लेफ्ट!" मामा विचारायचा, "कुणाचं लेफ्ट? तुझं, माझं की ट्रेलरचं?" तिसऱ्या रविवारी कुंपणाची एक फळी गेली आणि घरात दोन दिवस फक्त "जेवायला चला" एवढंच संभाषण होतं.

रिव्हर्स शिकूच नये असं मी म्हणत नाही. कॅम्पग्राउंडवर, पेट्रोल पंपावर त्याच्याशिवाय चालत नाही. समोरच्या काकांच्या युक्त्या खरोखर कामाच्या आहेत. स्टिअरिंग खालून धरायचं, म्हणजे हात जिकडे जाईल तिकडेच ट्रेलरचं बूड जातं, डोक्यात उलटसुलट करावं लागत नाही. चूक छोटी असतानाच सुधारायची. हाताबाहेर गेलं असं वाटलं की पुढे ओढायचं, ट्रॅक्ट्रिक्स आपलं काम करते. वळण शक्यतो ड्रायव्हरच्या बाजूने घ्यायचं, म्हणजे आपल्या खिडकीतून ट्रेलरचा मागचा कोपरा दिसतो (तिथे डावीकडून, आपल्याकडे उजवीकडून). शंका आली की उतरून बघून यायचं. मदतीला एकच माणूस, आणि तो आरशात दिसत नसेल तर थांबायचं. हे सगळं रिकाम्या मैदानात दोन बाटल्या ठेवून शिकावं. फक्त नऊ इंचांत आणि गॅस मीटरशेजारी शिकू नये.

इथे वर्गातले टेक्नोसॅव्ही मित्र हात वर करतात. "सेन्सर लाव ना! कॅमेरा लाव!" लावलेत की लोकांनी. फोर्डने २०१६ च्या एफ-१५० पिकअपमध्ये एक गोल बटण दिलं. ड्रायव्हरने बटण फिरवून ट्रेलर कुठे जायला हवा ते सांगायचं, ट्रेलरवर चिकटवलेल्या चौकटीच्या स्टिकरवरून कॅमेरा कोन मोजतो आणि स्टिअरिंग गाडीच फिरवते. माझ्या मते फार सुंदर काम आहे. अनस्टेबल सिस्टिमला फीडबॅक दिला की ती वठणीवर येते, याचं याहून चांगलं उदाहरण नाही. पण त्या बटणाने झाड हलत नाही. सोळा फुटी गाडीला ट्रेलरच्या पुढे उभं राहायला जागा लागते, ती कंट्रोलर कुठून आणणार? अडचण मामाच्या हातात नव्हतीच, गाडीत होती. तीच तिथून काढून टाकायला हवी होती.

हे मामीला सुचलं. मामी बँकेत आहे, इंजिनिअरिंगशी संबंध नाही. ती म्हणाली, "गादी जिन्यातून वर नेताना आपण ट्रक जिन्यात घालतो का?"

यावर मामाचा पहिला प्रयत्न चिडून होता, आणि तोच मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलाय. त्याने ट्रेलर ड्राइव्ह-वेच्या उतारावर उभा असतानाच कपलिंग उचललं. चाकांना काही लावलेलं नव्हतं. मामी ओरडली आणि मामा बाजूला उडी मारून गेला. ट्रेलर फूटभर सरकला आणि गाडीच्या बंपरला टेकून थांबला. आवाज म्हणाल तर "टक" एवढाच. पण दोन सेकंदांपूर्वी मामा त्या दोघांच्या मधे उभा होता. त्या उताराला वीस फुटांमागे एक फूट चढ होता. अकराशे किलोचा विसावा भाग म्हणजे पंचावन्न किलोचा जोर, थांबवायला समोर कुणी नाही, ब्रेक नाही. नंतर बराच वेळ कुणीच बोललं नाही.

म्हणून हाताने लावा असं मी म्हणते तेव्हा त्याच्याबरोबर हिशोबही करा असं म्हणते. सपाट काँक्रीटवर अकराशे किलो ढकलायला किती जोर लागतो? टायरचा रोलिंग रेझिस्टन्स दीड टक्क्याच्या आसपास धरला तर सोळा-सतरा किलो. सुरुवातीला हलवताना जरा जास्त. दोन माणसं गप्पा मारत ढकलतील. तोच ट्रेलर त्या चढावर ढकलायचा म्हटलं तर सत्तर किलोच्या वर, आणि हात सुटला की मघाचा प्रसंग. खडीवर चाकं रुततात, तिथे सपाटीलाही पन्नास-शंभर किलो सहज लागतात. म्हणजे चढ गाडीनेच चढायचा आणि वळण तेवढं हाताने घ्यायचं.

पुढच्या शनिवारी तसंच केलं. मामाने ट्रेलर ड्राइव्ह-वेवर रिव्हर्स घेतला. ड्राइव्ह-वे अठरा फूट रुंद, तिथे कुणालाही जमतं. गॅरेजच्या दारापाशी काँक्रीट जवळजवळ सपाट होतं, तिथे थांबला. दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे. मग जॅकने दांडा उचलला, कपलिंग सोडवलं आणि सेफ्टी चेन सगळ्यात शेवटी काढली. हा क्रम मामी मोठ्याने वाचत होती, अगदी प्रॅक्टिकलच्या प्रोसीजरसारखा. दांड्याखाली हाताने ओढायची दोनचाकी डॉली लावली. खडीच्या भागावर जाड प्लायवुडचे दोन तुकडे. एकाच अ‍ॅक्सलचा ट्रेलर असल्यामुळे तो जागच्या जागी फिरतो. (दोन अ‍ॅक्सल असते तर टायर घासत ओढावे लागले असते, तेव्हा तिथे हा प्रयोग करताना विचार करा.) मामी दांड्याला, मामा आणि मी मागच्या दोन कोपऱ्यांना. दांडा झाडाच्या या बाजूने हिरवळीवरून फिरला, जिथे सोळा फुटी गाडी कधीच मावली नसती. इंच-इंच करत चाळीस मिनिटांत ट्रेलर आत. मीटरपासून सात इंच, मी मोजले!

आता मला खरी तक्रार करायची आहे ती ट्रेलर बनवणाऱ्यांबद्दल. मागच्या कोपऱ्यांना धरायला काहीच नव्हतं. मी पत्र्याला तळहात लावून ढकलत होते. युरोपातल्या कॅरव्हानला कोपऱ्यांवर चक्क हँडल असतात, कारण तिथे ती हाताने हलवायची वस्तू आहे हे बनवणाऱ्याने धरलेलंच असतं. तिथे दांड्यावरचं वजनही कमी ठेवतात, बहुधा शंभर किलोपर्यंतच, म्हणून पुढच्या छोट्या चाकावर ती सहज फिरते. अमेरिकेत एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार दांड्यावर ठेवायची पद्धत आहे. हायवेवर ट्रेलर डुलू नये म्हणून ते योग्यच, पण मामाच्या ट्रेलरचा दांडा त्यामुळे जवळजवळ एकशे तीस किलोंचा झाला. शिवाय युरोपात मूव्हर नावाची चीज मिळते. बॅटरीवर चालणारे दोन रोलर ट्रेलरच्या टायरला टेकतात आणि हातातल्या रिमोटने ट्रेलर पाहिजे तसा फिरतो. उतार असेल किंवा घरात दोघंच म्हातारी माणसं असतील, तर हाताने ढकलण्यापेक्षा हेच बरं. मामाला मी तेच सुचवलंय. किंमत ऐकून तो सध्या विचार करतोय.

मला वाटतं डिझाइन करणाऱ्यांनी ट्रेलर हायवेवर पळतानाच पाहिला, रविवारी रात्री घरी परतताना पाहिलाच नाही. आपण तरी कुठे वेगळे आहोत? प्रोजेक्टची गाडी वर्कशॉपमध्ये पूर्ण जोडून झाल्यावर दारातून बाहेर निघत नाही, हा किस्सा प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये ऐकायला मिळतो. दाराची रुंदी ड्रॉइंगमध्ये कुणाच्याच नसते.

माझ्या या मताला हॉस्टेलमध्ये सर्वात जोरदार विरोध केला तो सांगली-कोल्हापूरकडच्या मुलींनी. त्यांचे वडील, चुलते ट्रॅक्टरला ट्रॉली लावून गोठ्याच्या बोळात रिव्हर्स घालतात, तेही मान मागे वळवून, आरशाशिवाय. "आमच्या आण्णांना हाताने ढकल म्हणून सांग बघू!" मान्य. एवढ्या वर्षांचा हात बसला की माणूस स्वतःच तो फीडबॅक कंट्रोलर होतो, आणि ट्रॅक्टरवरून मागचं सगळं उघड दिसतं. पण मी त्यांना विचारलं, उसाच्या दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडल्यावर आण्णा काय करतात? थोडा वेळ शांतता. मग उत्तर आलं, "मागची सोडवतात."

आता सिव्हिलवाल्यांसाठी एक काम. २०२१ साली महाराष्ट्र सरकारनेही कॅरव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, म्हणजे हे प्रकरण आज ना उद्या आपल्या दारात येणार. मामाचा ट्रेलर सोळा फूट बाय सात फूट. आपल्या सोसायट्यांमध्ये पार्किंगची एक जागा साधारण पाच मीटर बाय अडीच मीटर काढतात. म्हणजे ट्रेलर जागेत जेमतेम मावतो. पण बाजूला पिलर आहे, समोर दुसऱ्याची स्कूटर आहे आणि गेटपासून पार्किंगपर्यंत उतार आहे. तुमच्या घरचा पार्किंगचा प्लॅन काढा, ट्रेलरचा कागदी तुकडा स्केलमध्ये कापा आणि गाडी जोडून तो आत नेऊन दाखवा. ज्याला जमेल त्याला कँटीनमध्ये माझ्याकडून कटिंग आणि वडापाव. गाडी सोडवून नेलात तरी चालेल, मात्र उतार किती आहे आणि चाकांना ठोकळे कुठे लावणार ते तुकड्यावर लिहिलेलं पाहिजे.